गाडीची खोड

आपला आवाज असा आहे हे व्यंकटरावांना साठी ओलांडल्यावर कळलं, आणि तेही हिंगोलीच्या ग्राहक आयोगात, भर दुपारी, परक्या माणसांसमोर. गाडीच्या कंपनीच्या वकिलानं लॅपटॉप अध्यक्ष मॅडमकडे वळवला, एक बटण दाबलं, आणि त्यातून कुणीतरी म्हातारा लाडात आल्यासारखा बोलू लागला. "कसं वाटलं? एकदम फस्टक्लास हाय बाई. दहापैकी दहा लिव. अकरा लिवता येत असतील तं अकरा लिव!" आणि वर खदखदून हसला. व्यंकटराव मनाशी म्हणाले, काय येडं म्हातारं आहे! दुसऱ्याच क्षणी त्यांनी कान टवकारले. ते हसणं त्यांचंच होतं. हसता हसता शेवटी लागणारा ठसकाही त्यांचाच. डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरत होता, टेबलावरचे कागद वाऱ्यानं उगीच फडफडत होते, आणि व्यंकटरावांना वाटलं की आपण एकाचे दोन झालो. एक इथं खुर्चीत घाम पुसत बसलाय, दुसरा तिथं त्या पेटीत बसून मजा करतोय, आणि आता ह्या दोघांचीच जुंपणार. वकिलानं तसलेच आणखी दोन आवाज ऐकवले. दोन्हीत फस्टक्लास, दोन्हीत दहापैकी दहा. मागच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या जुन्या दोस्तानं, खाजा मियांनी, एवढ्या मोठ्यानं "या अल्ला" म्हटलं की शिपायानं वळून पाहिलं.

"व्यंकटराव, हा आवाज तुमचाच ना?" अध्यक्ष मॅडमनी विचारलं. चष्म्याच्या वरून बघायची त्यांची सवय होती. "माझाच हाय," व्यंकटराव म्हणाले. "मग तक्रारीत तर तुम्ही म्हणता की गाडी पहिल्या महिन्यापासून चढावर बंद पडते. वॉरंटीत आहे तर बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. आणि शोरूमच्या मुलीनं फोन केला की दर वेळी दहापैकी दहा. असं का?" व्यंकटराव उपरण्यानं मान पुसू लागले. वकील संधी सोडणारा नव्हता. उठून अदबीनं म्हणाला, "मॅडम, सरळ गोष्ट आहे. तक्रारदार एकतर तेव्हा खोटं बोलले, नाहीतर आज बोलताहेत." बोलण्यात काडीचा राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. शेजारी बसलेली सून पुनम हळूच कानाशी आली. "मामा, सांगा की त्या पोरीनं बळंच म्हणायला लावलं. सांगा लवकर."

खोटं! डोंगरकड्याच्या व्यंकटरावांना खोटं बोलता म्हणणारं माणूस कळमनुरी तालुक्यात तरी जन्मलं नव्हतं. आखाडा बाळापूरच्या बैलबाजारात त्यांची अर्धी हयात गेली. ते स्वतः काही व्यापारी नव्हते, घरचा गडी-बैलांचा रगाडा सांभाळणारे कास्तकार, पण नजर अशी की बैल चार पावलं चालला की त्याच्या मनातलं सांगत. कुणी जोडी घ्यायला आला की आधी व्यंकटरावांना गाठायचा. ते बैलाला एक फेरी घालायचे, वशिंडावरून हात फिरवायचे, मागच्या पायाशी वाकायचे आणि सांगायचे, "घ्या," किंवा "राहू द्या." बस्स. पुढं कुणी विचारायचं नाही. खाजा मिया जनावरांचे व्यापारी, त्यांचा तर धंदाच तो, तेही म्हणायचे, "व्यंकटराव, तुमी न्हाई म्हणलात का माझा बैल दोन बाजार खुट्यालाच राहतो. जरा रहम करा की!" पण त्यासाठी कधी भांडले नाहीत, उलट चहा पाजला. एवढी ज्याच्या शब्दाला किंमत, त्याचा शब्द आज एका डबीतून बाहेर पडून त्याच्याच तोंडावर बसला होता. गाडी गेली तर गेली, पत्र्याचीच ती. पण बाळापूरच्या बाजारात उद्या हे कळलं की व्यंकटराव कोर्टात खोटे ठरले, तर त्या बाजारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं? ते पाय रोवून खुर्चीत बसले.

आणि असं बसल्याबसल्या त्यांना ती गाडी आठवली. तिच्यावर त्यांचा राग नव्हता ही खरी पंचाईत. बायकोचे, पार्वतीबाईंचे, गुडघे जीपच्या पायरीवर चढेनात म्हणून गाडी घ्यायची ठरली. शोरूम नांदेडचं. तिथला थंडगार वारा, आरशासारखी फरशी, आणि मधे ती पांढरी गाडी, नवरीसारखी सजवून ठेवलेली. पार्वतीबाईंनी रंग ठरवला. म्हणाल्या, पांढरं जनावर उन्हाला तगतं. व्यंकटरावांनी गाडीला एक फेरी घातली. दुसरी घातली. मागच्या चाकाशी वाकले. तिथला मॅनेजर रणजीत, तिशीचा, गळ्यात टाय पण बोलणं बाळापूरकडचं, तो हसू दाबत मागं मागं फिरत होता. बाजारात विकणारा जनावराची बोली करतो. म्हणजे खोड आधी सांगतो, नसली तर तसं चारचौघांत म्हणतो, आणि मग ठरतील तितके दिवस त्याचा शब्द त्या जनावरासोबत चालतो. खोड निघाली की जनावर परत. व्यंकटरावांनी रणजीतला तसंच विचारलं आणि तो म्हणाला, "काका, नवी कोरी गाडी, खोड कशाची? तीन वर्षं वॉरंटी आहे." वॉरंटी म्हणजे काय हे पुनमनं सांगितलं तेव्हा व्यंकटराव खूश झाले. बाजारात आठ दिवसांची बोली कुणी करत नाही, आणि ही कंपनी तीन वर्षांची करते! केवढी दिलदार माणसं! त्यांनी स्वतःची शेवटची जोडी विकली तेव्हा घेणाऱ्याला आपणहून सांगितलं होतं की डावा बैल नदीत पाय घालायला नखरे करतो. घेणाऱ्यानं त्यावर मान हलवली आणि जोडी घेऊन गेला. खोड सांगितली म्हणून सौदा मोडला असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गाडी पहिल्यांदा बसली ती सिद्धेश्वरच्या धरणाकडे जाताना. मुलगा भागवत चालवत होता, पार्वतीबाई पुढं ऐटीत, मागं व्यंकटराव, पुनम आणि डबे. चढ लागला तशी गाडी आधी हुंदके देऊ लागली, मग तिनं एक हिसका दिला आणि जागीच उभी राहिली. भागवतनं चावी फिरवली, उतरून झाकण उघडलं, पुन्हा बसला. काही नाही. आणि व्यंकटरावांना एकदम हसू आलं. कारण ते त्यांनी ओळखलं होतं. नांगरात असा बैल बसतो. मारा, गोंजारा, शेपटी पिरगाळा, तो डोळे मिटून रवंथ करत बसणार आणि त्याच्या मनात येईल तेव्हा आपणहून उठून चालू लागणार. "हिला हात लावू नका," ते म्हणाले, "उठंल आपल्या मनानं." पार्वतीबाईंनी सतरंजी पसरली, डबे उघडले, धरणावरून मासळी घेऊन जाणाऱ्या एका बाईला हाक मारून बसवली. जेवण झालं, गाडी थंडावली आणि खरंच मुकाट्यानं सुरू झाली. त्या मासळीवाल्या बाईशी पार्वतीबाईंची अशी गट्टी जमली की आता फोन येतो-जातो. पुढं गाडी बसतच राहिली, चढावर, भरलेली असताना, ऊन तापल्यावर, आणि जिथं बसली तिथं पार्वतीबाईंनी एक नवी ओळख जोडली. एकदा तर लग्नाला निघाले आणि वाटेतल्या दुसऱ्याच लग्नात जेवून आले. व्यंकटराव रात्री खाटेवर पडून हे आठवत आणि गालातल्या गालात हसत, पण हसून झाल्यावर कुठंतरी टोचायचंच. पांढरं स्वच्छ जनावर, दिसायला इतकं गोजिरं, आणि आपण हात फिरवला तेव्हा आपल्याला काहीच कसं कळलं नाही? पत्र्याला कातडी नसते. हाताला ना थरथर लागते, ना ऊब. आपली विद्या ह्या पत्र्यापाशी संपली, असं वाटून त्यांना एकटं एकटं व्हायचं.

"व्यंकटराव?" मॅडमचा आवाज आला. त्यांनी दचकून वर पाहिलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. फार नसावा, कारण वकील अजून उभाच होता आणि त्याच्या हातातलं पेन अजून त्याच बोटांत फिरत होतं. "आठवून सांगा," मॅडम म्हणाल्या, "घाई नाही. पण एक लक्षात घ्या. तंत्रनिकेतनच्या तज्ज्ञांकडून आपण गाडी तपासून घेतली. त्यांना चालवताना दोष दिसला नाही. अधूनमधून येणारा दोष असू शकतो, एवढंच ते म्हणतात. म्हणजे आता तुमच्या शब्दाशिवाय दुसरं काही माझ्यासमोर नाही." त्या तपासणीची तर आठवणही नको. दोन मास्तर आले होते, हातात कसकसली यंत्रं. गाडी भरलेली हवी म्हणून खाजा मियाही मागं बसले, ते एकटेच दोन माणसांच्या वजनाचे. आणि त्या दिवशी ती गाडी काय पळाली! जणू उभ्या आयुष्यात तिनं कधी हुंदका दिलाच नाही. चढावर तर मास्तर म्हणाले, इंजिन छान ओढतंय. खाजा मिया मागून ओरडले, "आगं बस ना गं एकदा! आज काहून पळून राहिलीस?" बैलही असंच करतो. परका माणूस पाहिला की शहाण्यासारखा वागतो.

समोर रणजीत बसला होता. टाय तोच, पण मान खाली. त्याच्याकडे पाहिलं आणि व्यंकटरावांना त्याच्या टेबलावरचा चहा आठवला. गाडी बसली की ते स्वतः नांदेडला जायचे. शोरूममध्ये इतर गिऱ्हाइकं असायची, म्हणून ते वाट बघत बसायचे, आणि माणसं पांगली की खुर्ची पुढं ओढून दबक्या आवाजात सांगायचे, "रणजीतराव, ती पुन्हा बसली बरं का." सौदा झालेल्या जनावराला चारचौघांत नाव ठेवायचं नाही, ही बाजाराची रीत. गाऱ्हाणं असेल तर विकणाऱ्याच्या दारात जावं आणि त्याच्या कानात सांगावं. उगाच त्याच्या धंद्याला बट्टा कशाला? रणजीत मान डोलवायचा, चहा मागवायचा, गाडी ठेवून घ्यायचा आणि संध्याकाळी ती न्हाऊनमाखून, सुगंध मारून परत यायची. कागदावर लिहिलेलं असायचं, तपासली, ठीक आहे. आणि मग शोरूममधल्या शिलाचा फोन. आवाज कोवळा, घाबरट. "काका, सर्व्हिस कशी वाटली? दहापैकी किती मार्क द्याल?" पहिल्या वेळी व्यंकटराव म्हणाले होते, विचार करून सांगतो. तशी ती कुजबुजली, "काका, दहाच्या खाली आले की सगळ्यांसमोर उभं करतात आमाला. दहाच द्या ना." आता ह्या लेकराला कशाला उभं करायचं? तिनं गाडी बनवली न्हाई, विकली न्हाई. तिनं नीट, गोड, अदबीनं विचारलं. तिच्या कुजबुजीचे ते तुकडे वकिलाच्या पेटीत मात्र नव्हते. तिथं नुसता म्हातारा होता, खदखदून हसणारा.

मग एकदा कंपनीचं पत्र आलं की दोष गाडीत नसून चालवण्याच्या सवयीत आहे, तो वॉरंटीत बसत नाही. भागवतनं पत्र वाचलं आणि न जेवता शेतात निघून गेला. लहानपणापासून औत, ट्रॅक्टर, सगळं हाकणारा पोरगा तो. त्या दिवशी व्यंकटरावांची तळपायाची आग मस्तकात गेली. जनावराची खोड आणि नाव धन्याचं? ते तडक नांदेडला गेले तर रणजीत भेटलाच नाही, मीटिंगमध्ये आहेत म्हणाले, आणि काचेपलीकडे तो पाठमोरा बसलेला स्वच्छ दिसत होता. तेव्हा पुनमनं मोबाईलवरून ग्राहक हेल्पलाइनला विचारलं, आयोगाची सगळी माहिती काढली. "मामा, जिथं राहतो तिथंच केस टाकता येते, नांदेडला जायचं काम न्हाई. वकील न दिला तरी चालतं. वॉरंटीत खोड निघाली तर त्यांनी दुरुस्त करून द्यायची, न्हाई झाली तर बदलून द्यायची, न्हाईतर पैसे. कायदाच हाय तसा." व्यंकटराव ऐकत राहिले होते. म्हणजे बाळापूरच्या बाजारात जे तोंडी होतं, ते सरकारनं लिहून ठेवलंय. त्यांना त्या न पाहिलेल्या कायदेवाल्यांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"बोला मामा," पुनम पुन्हा पुटपुटली. "बळंच म्हणायला लावलं म्हणा." पण तसं म्हटलं तर शिलाचं काय? उद्या तिलाच धरतील. व्यंकटराव उठले. खांद्यावरचं उपरणं सावरलं, आणि घसा खाकरून ते म्हणाले, "मॅडम, आवाज माझाच हाय आन बोललो तेबी खरंच हाय. पण ते मार्क म्या गाडीला न्हाई दिले. त्या पोरीला दिले. तिनं बराबर विचारलं, चांगलं बोलली, तिला दहापैकी दहा. गाडीचं मला कुणी विचारलंच न्हाई, आन विचारलं असतं तरी मी तिला सांगितलं नसतं. विकत घेतलेल्या जनावराचं गाऱ्हाणं ज्यानं विकलं त्यालाच सांगावं. आमची रीत हाय. दुसऱ्याजवळ सांगणं म्हणजे चुगली." मागून खाजा मियांनी जोरात "बराबर!" म्हटलं. मॅडमचा चष्मा जरासा हलला, त्या हसल्या असाव्यात. पण विचारलं त्यांनी पुढचंच. "मग विकणाऱ्याला सांगितलं होतं?" "दर टायमाला." "लेखी?" "तोंडी. ह्यो काय, समोरच बसलाय ना रणजीतराव." वकील लगेच म्हणाला, "मॅडम, रणजीत यांचं शपथपत्र दाखल आहे. तोंडी किंवा लेखी कोणतीही तक्रार आली नाही असं त्यात स्पष्ट आहे."

व्यंकटरावांनी रणजीतकडे पाहिलं. नजर आपोआप तशीच गेली, बाजारात जाते तशी. कानाच्या पाळ्या लाल, ओठ कोरडे, टेबलाखाली एक पाय सारखा हलतोय. खोडकर जनावर असं नसतं. असं असतं ते मार खाल्लेलं. त्यांचा सगळा राग कुठल्या कुठं गेला आणि पोटात नुसती माया दाटली. हा पोरगा तोंडानं बोलू शकत नाही. एका बाजूला वकील, एका बाजूला नोकरी. अशा वेळेसाठीच तर बाजारात रुमाल असतो! भाव सगळ्यांसमोर बोलायचा नसतो, म्हणून घेणारा आणि विकणारा एका फडक्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. एक बोट, दोन बोटं, पुरा पंजा म्हणजे पाच. भोवती शंभर माणसं उभी राहोत, कुणाला काही कळत नाही, आणि त्या फडक्याखाली कुणी खोटं बोलत नाही. व्यंकटरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आपल्या उजव्या हातावर टाकलं आणि चालत रणजीतच्या खुर्चीपाशी जाऊन हात पुढं केला. "तोंडानं नका बोलू रणजीतराव. वकीलसाहेब रागावतील. कितींदा आलो होतो, तेवढं बोटानं सांगा."

"मॅडम, हे काय चाललंय?" वकील ओरडलाच. "हा पुरावा आहे का?" "पुरावा नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या, आणि तरी त्यांनी थांबवलं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला. सगळी खोली त्या पांढऱ्या उपरण्याकडे बघत होती. रणजीतही बघत होता. बाळापूरचा पोरगा, त्यानं हे पाहिलं नसेल असं कसं होईल? व्यंकटरावांचा हात अवघडला, बोटांना मुंग्या आल्या, आणि त्यांना वाटू लागलं की आपण म्हातारपणी हसू करून घेतलं. तेवढ्यात उपरणं हललं. एक हात आत आला. थंड, घामेजलेला, शहरी, मऊ हात. त्यानं व्यंकटरावांचा पुरा पंजा धरून दाबला. सोडला. आणि पुन्हा दाबला, ह्या वेळी इतका की हाडं कुरकुरली. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पत्र्याला थरथर नसते, पण माणसाला असते, आणि ती त्यांना अजून कळत होती. केवढा आनंद झाला त्यांना!

"काय सांगितलं त्यांनी?" मॅडमनी विचारलं.

व्यंकटरावांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "ते सांगता येत न्हाई मॅडम."

"का?"

"रुमालाखालचं बाहेर बोलायचं नसतं. मला खरं काय ते कळलं, माझं समाधान झालं. तुमी काय निकाल द्यायचा तो द्या." ते आपल्या खुर्चीत येऊन बसले. पुनमनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो मामा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "एवढं हातात आलेलं काहून सोडून राहिले तुमी?" पण व्यंकटरावांना आता पंख्याची कुरकुरसुद्धा गोड लागत होती. मघाचे ते दोन म्हातारे पुन्हा एक झाले होते. केस हरली तर हरली. बाजारात ताठ मानेनं जाता येईल, एवढं झालं.

"मॅडम, मी बोलतो." रणजीत उभा राहिला होता. वकिलानं त्याची बाही ओढली, त्यानं ती सोडवून घेतली. "काका दर वेळेला येत होते. मला सांगत होते. माझ्याच टेबलावर चहा पिऊन सांगत होते. मी लिहून घेतलं न्हाई. लिहून घेतलं असतं तर गाडी वॉरंटीत बदलून द्यावी लागली असती, आन वरून आमाला लिहू नका म्हणून सांगितलेलं होतं. शपथपत्र कंपनीनं टाइप करून आणलं, मी सही केली. चुकलं माझं." बोलता बोलता त्याचा टाय वाकडा झाला होता आणि भाषा सरळ बाळापूरची झाली होती. मॅडमनी टायपिस्टला एकेक शब्द घ्यायला लावला. रणजीतला नवीन शपथपत्र द्यायला सांगितलं, आणि खोट्याचं काय होतं तेही सुनावलं, पण कडक आवाजात फारसा जोर नव्हता. वकिलानं थोडा वेळ मागितला, फोन घेऊन बाहेर गेला, व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, आणि परत आला तो पडेल चेहऱ्यानं. कंपनी तडजोडीला तयार होती. पूर्ण किंमत परत, नाहीतर दुसरी नवी गाडी, आणि झालेल्या त्रासाची भरपाई वेगळी. तक्रारदार म्हणतील ते.

"सांगा व्यंकटराव," मॅडम म्हणाल्या. "पैसे की गाडी?" पुनम कानात म्हणाली, "पैसे म्हणा. नाव घेऊ नका पुन्हा ह्यांचं." खाजा मिया मागून, विचारलं नसताना, म्हणाले, "पैसे घ्या व्यंकटराव, आपण तुमाला झकास जोडी बघू!" व्यंकटराव रणजीतकडे बघत होते. पोरगा भिंतीला टेकून उभा होता, एखाद्या मोठ्या दुखण्यातून उठल्यासारखा हलका. भर बाजारात ज्यानं आपल्या जनावराची खोड कबूल केली, असा विकणारा उभ्या हयातीत किती वेळा भेटतो? त्याला सोडून दुसरीकडं जायचं म्हणजे मूर्खपणाच.

"दुसरी गाडी," ते म्हणाले. "पण ह्यांच्याच हातची. रणजीतराव देतील तीच."

पुनमनं डोळे मिटले. मॅडम टायपिस्टला सांगू लागल्या, "तक्रारदारास त्याच बनावटीची नवीन गाडी..." आणि तेवढ्यात रणजीत भिंतीपासून पुढं आला. "थांबा मॅडम. काका, ही गाडी घेऊ नका." वकील जागचा उठला. "मिस्टर रणजीत!" पण रणजीतला आता कुणी थांबवणारं नव्हतं. "ह्या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या चढावर बसतात. पंप तापतो त्यांचा. कंपनीला ठाऊक हाय. तुमाला दिली तशा कितीतरी दिल्यात आमी. थोडी लहान मिळते दुसरी, तिचा आवाज जास्त येतो, मागं जागा कमी हाय, खाजा चाचांना अडचण होईल, पण ती बसत न्हाई. ती घ्या." वकिलानं लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. टायपिस्ट बोटं वर धरून मॅडमकडे बघत राहिली. "हे सगळं लिहायचं का मॅडम?" "सगळं," मॅडम म्हणाल्या, "शब्दन् शब्द. त्या बाकीच्या गाड्यासुद्धा."

व्यंकटराव उठले, आपली खुर्ची उचलून रणजीतच्या समोर नेऊन ठेवली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसले. त्यांचा चेहरा बाजाराच्या दिवशी असायचा तसा फुलला होता. "आता झाली खरी बोली," ते म्हणाले. "हां, त्या लहानीचं सांगा. आवाज जास्त म्हणता, तो कधी येतो? उभी असताना का चालताना?"